बाळसं नव्हे, सूज: आधी कोणती तपासणी, आणि पट्टी की मोजे?

माझ्या मुलाची दोन्ही पावलं जन्मतःच फुगलेली होती. घरात सगळे म्हणाले, बाळसं आहे. पण बाळसं अंगभर असतं. याची बोटं पुरीसारखी फुगलेली, नखं वर वळलेली आणि मोज्याच्या इलास्टिकचा वळ दुसऱ्या आंघोळीपर्यंत तसाच. शेजारच्या काकूंनी हत्तीपायाची भीती घातली, पण तो डासांतून येतो आणि पाय सुजायला वर्षं लागतात. जन्मतः दिसणारी सूज ही बहुधा लसिकावाहिन्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या, नीट न घडल्याची खूण असते.

पहिली तपासणी सोनोग्राफी-डॉप्लर. सुई नाही, त्रास नाही, शिरांचा दोष कळतो. खरा प्रश्न त्यापुढचा: लिम्फोसिंटिग्राफी हा स्कॅन की जनुकीय चाचणी? लिम्फोसिंटिग्राफीत बोटांच्या बेचक्यात किंचित किरणोत्सारी औषध टोचतात आणि ते वर चढतं का, हे कॅमेऱ्यावर पाहतात. वाहिन्या काम करतात की नाही ते दिसतं, पण तान्ह्याला बराच वेळ स्थिर ठेवणं कठीण. जनुकीय चाचणीला थोडं रक्त पुरतं. एफएलटी४ जनुकात दोष सापडला तर मिलरॉय आजार, म्हणजे जन्मतः पाय सुजवणारा आनुवंशिक आजार. तो आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक बाळाला ५० टक्के शक्यता. दोन्ही पाय गुडघ्याखाली सुजलेले आणि घरात आणखी कुणाला असं असेल, तर मी जनुकीय चाचणी आधी करीन. एकच पाय सुजला असेल तर स्कॅन. मुलगी असेल आणि हातही सुजले असतील, तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) गुणसूत्रं तपासा. त्यात हृदयाचीही तपासणी लागते, म्हणून हे लांबवू नका.

सूज दाबून ठेवायला पट्टी की मोजे? कापसाचा थर देऊन कमी ताणली जाणारी पट्टी बांधली की ती पावलाच्या आकाराप्रमाणे बसते. पण फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकावी लागते, दर वेळी बोटांचा रंग पाहावा लागतो आणि आपल्या मुंबईच्या दमटपणात आत घाम साचतो. दाब देणारे मापाचे मोजे घालायला सोपे, पण पाऊल वाढतं, म्हणून ते वरचेवर नवे घ्यावे लागतात. सूज बेताची असेल तर मूल चालेपर्यंत थांबता येतं. पोटरी हलली की लसिका, म्हणजे त्या नळ्यांतलं पाणी, वर सरकायला मदत होते. घड्या खोल असतील, कातडीतून पाणी झिरपत असेल, तर थांबू नका. लघवीच्या औषधाने ही सूज उतरत नाही.

मालिशवाल्या बाईंना मात्र मी पायांना हात लावू दिला नाही. तेल लावून जोरात रगडणं वेगळं आणि कातडी अलगद ताणून जांघेकडे नेणारा थेरपीचा हात वेगळा.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या ठेवा. पाय लाल, गरम झाला आणि ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. परळच्या वाडियासारखं मुलांचं रुग्णालय गाठा.