संगीत मंडळाची वर्गणी भरून नऊ महिने झाले

पहिल्या तीन बैठकांना मी झोपलो. तिसऱ्या वेळी शेजारच्या अण्णांनी कोपरानं ढोसलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "झोपालाव काय ओ? झोपा, पण घोरू नका."

अण्णा आमच्या सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याला आहेत, मी हिशेबाला. त्यांनीच मला या मंडळात ओढलं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात संध्याकाळी टीव्हीशिवाय आवाज नाही, हे त्यांना एकदा बोललो होतो. आषाढी झाली आणि पुढच्या शनिवारी ते मोटारसायकल घेऊन दारात हजर. तोवर माझं संगीत म्हणजे सकाळी दाढी करताना आकाशवाणीवरचे अभंग. राग म्हटलं की साहेबांचा.

वर्गणी वर्षाला पंधराशे रुपये. त्यात महिन्याच्या चौथ्या शनिवारची बैठक, दर गुरुवारी संध्याकाळी 'श्रवण' म्हणजे जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणं, आणि वर्षातून एक मोठा जाहीर कार्यक्रम. पैसे भरले तेव्हा पावती मागितली. खजिनदार म्हणाले, "पुढच्या वेळी देतो."

जागा मुरारजी पेठेतल्या एका जुन्या घराची माडी. खाली सतरंजी, भिंतीला लागून दहा-बारा खुर्च्या. खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी, असा अलिखित नियम. मी बावन्न वर्षांचा, उजवा गुडघा मात्र सत्तरीचा. चार महिने लाजेकाजेनं मांडी घालून बसलो, पाचव्या महिन्यात गुपचूप खुर्ची धरली. कुणी काही बोललं नाही. नव्यानं येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी धरावी. पाय बधिर झालेल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, पायच ऐकू येतो.

दुसरी गोष्ट उकाडा. गाणं सुरू झालं की पंखे बंद. तानपुरा आणि पंख्याची घरघर एका खोलीत नांदत नाहीत. जुलैत हे कळत नाही. आता एप्रिलमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, चाळीस माणसं बंद पंख्याखाली बसतात आणि प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल असतो. (कुणाचा टॉवेल निर्यातीचा आणि कुणाचा खराब मालाच्या गठ्ठ्यातला, हे मला न बघताही कळतं. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल चालू असताना माझं लक्ष बऱ्याचदा तिथं गेलेलं आहे, कबूल करतो.)

तानपुऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माझी झोप त्यानंच मोडली. मंडळाकडे मिरजेचा एक जुना तानपुरा आहे. तो लावायला मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमचे संगीतशिक्षक, पंधरा-वीस मिनिटं घेतात. पहिली तार पंचमाला म्हणजे 'प'ला, मधल्या दोन षड्जाला म्हणजे 'सा'ला, शेवटची खर्जाला म्हणजे खालच्या 'सा'ला. सुरुवातीला वाटायचं, ही माणसं अजून तयारीच करालेत, आपण उगाच लवकर आलो. ऑक्टोबरात एकदा मी त्यांच्या अगदी जवळ बसलो होतो. तारा सुरात आल्या तरी मास्तरांचं समाधान होईना. मग त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली असलेला सुताचा बारीक दोरा नखानं केसभर पुढं सरकवला, थोडा मागं घेतला, पुन्हा पुढं. आणि एका जागी ती तार नुसती वाजायची थांबली, बोलायला लागली. आतून आणखी सूर निघाले. सगळी माडी भरली. याला जवारी लागणं म्हणतात, हे नंतर कळलं. पंचवीस वर्षं मी सुताच्या कोनांचे, म्हणजे रिळांचे, हिशेब लिहितोय, टनावारी सूत डोळ्यांखालून गेलं असेल. वीतभर सुताचं हे काम मला ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी तेव्हाच सांगितलं की या तानपुऱ्याचा भोपळा बहुधा आपल्याच जिल्ह्यातला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हे मोठे कडू भोपळे पिकतात, वाळवून मिरजेला जातात, तिथं त्यांची सतार किंवा तानपुरा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या चादरीला ते कधीच मिळालंय, त्यामुळे सोलापूरकराला त्याचं नवल नाही. पण भोपळा आपला, ही बातमी मी घरी जाऊन बायकोला सांगितली. ती म्हणाली, "मग भाजीला का आणत नाही?"

गुरुवारचं श्रवण हा सगळ्यात पैसे वसूल भाग. मास्तर एकच राग दोन घराण्यांचा ऐकवतात. एका गुरुवारी भीमसेन जोशी, पुढच्या गुरुवारी मल्लिकार्जुन मन्सूर. किराणा घराण्यात, म्हणजे भीमसेनांच्या, एकेक स्वर सावकाश भरत जातो, विहिरीला झरे फुटावेत तसा. मन्सूरांच्या जयपूर-अत्रौली घराण्यात स्वर एकमेकांत गुंतत वळणं घेतात, आणि आता कुठं निघाले म्हणेपर्यंत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हजर. एक गदगकडचे, दुसरे धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. ख्याल गाणारी ही माणसं एका बाजूला अभंग किंवा कन्नड शिवभक्त संतांची वचनंही तितक्याच जिवानं गायली. हा मुद्दा पुढं कामाला येतो.

सम मला चौथ्या महिन्यात सापडली. विलंबित एकताल बारा मात्रांचा, पण इतका सावकाश की बोटांवर मोजता मोजता मी साताठावर हरवायचो. मास्तर म्हणाले, "मोजू नका हो. तबला ऐका. धागे, तिरकिट, धी, ना झालं की घर आलं." त्या दिवसापासून घर येऊ लागलं. मान आपोआप हलली तेव्हा मी चोरून अण्णांकडं बघितलं. त्यांनी बघितलेलं होतं.

आता जानेवारीची बैठक. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा, उरकली, अडुसष्ट लिंगांना तेल घालून नंदीध्वज परतले, गाव जरा थकलेलं. पौष वद्य पंचमी ही कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची पुण्यतिथी, म्हणून त्या बैठकीला अक्का गाणार होत्या. अक्का म्हणजे अण्णांच्या मिसेस. मंडळात त्यांना सगळेच अक्का म्हणतात. माहेर वरंगलचं, लहानपणी तिथं कर्नाटक संगीत शिकलेल्या, लग्न होऊन इथल्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, आल्या आणि पुढची तीस वर्षं देवघराबाहेर गायल्या नाहीत.

त्यांनी आधी सांगितलं, "हिंदोळम्." आमच्यातल्या एका जाणकारांनी लगेच मान डोलावली आणि आजूबाजूच्यांना समजावलं, "म्हणजे आपला हिंदोल. तीव्र मध्यम येईल बघा." मास्तर काही बोलले नाहीत. उठले, तानपुरा घेतला आणि पंचमाची तार उतरवून मध्यमाला, म्हणजे 'म'ला, लावायला लागले. मी बघतच राहिलो. पंचमच काढला?

अक्कांनी सूर लावला आणि तीव्र मध्यमाचा पत्ता नाही. कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. चौथ्या-पाचव्या ओळीला माझ्यासारख्या कच्च्या कानालासुद्धा कळलं: अहो, हा तर मालकंस! मालकंसात रिषभ नाही, पंचमही नाही, म्हणून तर तार उतरवली. नाव सारखं असून राग वेगळा, नाव वेगळं असून स्वर तेच. स्वरांची चाल मात्र निराळी. आमच्याकडं मालकंस मध्यमावर ठाण मांडून बसतो, अक्कांचा स्वर जागेवर उभाच राहत नव्हता, प्रत्येक स्वराला झोका. आणि उजवा हात मांडीवर ताल देतोय: एक थाप, करंगळीपासून तीन बोटं, मग थाप-पालथा, थाप-पालथा. आठ मात्रांचा आदिताल. आमच्या भजनी ठेक्याच्याही मात्रा आठच. पखवाजवाले काका मागं बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होते ती उगाच नाही.

त्यागराजांची कृती, म्हणजे रचना, झाल्यावर त्यांनी त्याच रागात अन्नमाचार्यांचं एक कीर्तन घेतलं. पंधराव्या शतकातले हे तेलुगू संतकवी. त्यांची पदं तिरुमलेला ताम्रपटांवर कोरून ठेवलेली सापडली. पदावर रागाचं नाव आहे, पण स्वर लिहिलेले नाहीत. त्यामुळे आज आपण ऐकतो त्या चाली बहुतेक अलीकडच्या लोकांनी बसवलेल्या. हे ऐकल्यावर पखवाजवाले काका म्हणाले, "मग तुकोबांचं वेगळं काय हाय? शब्द त्यांचे, चाल आपली."

त्या रात्री जिन्यात चपला घालताना जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. मंडळात दोन तट आहेत: शास्त्रीयवाले आणि भजनवाले. अभंग सुरू झाला की शास्त्रीयवाले चहाला खाली उतरतात. विलंबित सुरू झालं की भजनवाले मोबाइल काढतात. मी हिशेबाचा माणूस, मला दोन्ही खाती एकाच वहीत दिसतात. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, तळ्यातल्या ज्या देवळाला आपण रोज हात जोडतो तिथले. त्यांची वचनं कन्नड आणि शेवटी मुद्रिका 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. कन्नड संत पुरंदरदासांच्या पदात शेवटी 'पुरंदर विठ्ठल'. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे'. त्यागराजांच्या चरणात 'त्यागराज'. प्रत्येकानं खाली सही केलेली. ज्ञानोबांनी तर विठ्ठलालाच 'कानडा' म्हटलं. या चारही सह्या घरातल्या देवघरात चालतात असं गाव सोलापूरशिवाय मला तरी माहीत नाही, आणि आमचं मंडळ मात्र चहाला कुणी कधी उतरायचं यावर भांडतंय.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. फेब्रुवारीतला वार्षिक कार्यक्रम. एक मोठं सभागृह भाड्यानं घेतलं, बाहेरगावचे गायक बोलावले. वेळ सहाची. मावळतीचा राग म्हणून त्यांनी मारवा ठरवला होता. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, देणगीदारांचे सत्कार, शाल, श्रीफळ, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांचं मनोगत, मग ज्यांचा राहिला त्यांचा सत्कार. गाणं सुरू झालं आठाला दहा कमी असताना. मावळत कधीच सरली होती. गायक हसले आणि सरळ यमन लावला. दहाला सभागृह सोडायचं, म्हणून द्रुत, म्हणजे जलद भाग, निम्म्यात आटोपून भैरवी. आवाजवाल्यानं गळ्याला एवढा एको दिला होता की प्रत्येक तान दोनदा ऐकली, आणि तानपुऱ्यापुढं माइकच नव्हता. वर्गणीतला हा भाग पूर्ण वाया. पुढच्या वर्षी मी आठ वाजताच जाणार.

दुसरी तक्रार जास्त लागली. जानेवारीच्या बैठकीच्या पत्रकात अक्कांच्या नावापुढं छापलं होतं: 'इतर भाषिक भक्तिगीते'. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मागांवर हे गाव उभं राहिलं ते 'इतर'. अण्णांनी पत्रक वाचलं, हसले, घडी घालून खिशात ठेवलं. मला मात्र त्यांच्याकडं बघवेना. पुढच्या सभेत मी आणि पखवाजवाल्या काकांनी विषय काढला. बराच आरडाओरडा झाला. मार्चच्या पत्रकात 'कर्नाटक संगीत' असं नीट छापून आलं. अक्कांचं आडनाव चुकलं होतं.

बाकी किरकोळ. तिशीच्या आतले मोजून तीन जण येतात. बैठक साडेदहाच्या पुढं लांबली की जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या बायकांना परतायची अडचण होते, आणि रिक्षा ठरवून ठेवू असं नुसतं म्हटलं जातं. काही जण स्वर लागायच्या आधीच 'क्या बात है' म्हणतात, त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसावं. ज्यांना गायला शिकायचंय त्यांनी इथं पैसे घालू नयेत, इथं फक्त ऐकतात. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही पदरात पडेल अशी आशा धरू नये. झोप येते. येऊ द्यावी.

माझ्यात काय फरक पडला म्हणाल तर आकाशवाणीवर अभंग लागला की दाढी थांबते. गेल्या आठवड्यात एका अभंगाला पंचम कुठं येतोय म्हणून वाट बघत उभा राहिलो, अर्धा गाल साबणाचा. आला नाही. अण्णांना फोन लावला, तर पलीकडून अक्काच म्हणाल्या, "हो हो, इकडं पण तेच लावलंय. हिंदोळम्."

परवा पुढच्या वर्षाची वर्गणी भरली. खजिनदारांना दोन्ही वर्षांची पावती एकदम मागितली. पुढच्या वेळी देतो म्हणाले.