प्लॅटिनमवाले मायक्रोमोटर: माल चोख, माहितीपत्रक अर्धवट

लॅबसाठी जेनस मण्यांची, म्हणजे दोन बाजू वेगवेगळ्या असलेल्या मण्यांची, छोटी बाटली मागवली होती. पॉलिस्टायरीनचे 2 मायक्रॉनचे मणी, अर्ध्या अंगावर प्लॅटिनमचा पातळ थर. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकले की प्लॅटिनम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं आणि मणी स्वतःच पळतो, ना बॅटरी ना चुंबक. लेबलवर नॅनोमोटर लिहिलंय पण 2 मायक्रॉन म्हणजे 2000 नॅनोमीटर, तेव्हा मायक्रोमोटरच म्हणा, साध्या मायक्रोस्कोपला दिसतात ते त्यामुळेच.

पहिला दिवस वाया गेला. मणी थरथरताना दिसले, मी खूश, भराभर व्हिडिओ काढले, मग सहज पेरॉक्साइड न घातलेली स्लाइड लावून बघितली तर तिथेही अगदी तेच! ती नुसती ब्राउनियन हालचाल होती, पाण्याचे रेणू धडकतात त्याची. घोळ असा झाला की पातळ करायला मी बफर, म्हणजे क्षार असलेलं द्रावण, वापरलं होतं आणि पाण्यात क्षार असले की या मण्यांचा वेग पार कमी होतो. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही, खरंच राग आला.

दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर, पेरॉक्साइड 5 टक्के. आणि काय सांगू, मणी काचेच्या तळाला धरून सरकायला लागले, उजळ बाजू पुढे, प्लॅटिनमची काळी बाजू मागे! थोडं सरळ जातो आणि काही सेकंदांत तोंड फिरतं, कारण त्याच रेणूंच्या धडका. एवढ्या लहान जिवाला पाणीच इतकं चिकट लागतं की जोर संपला की तो जागीच थांबतो, पुढे घरंगळत जाणं नाहीच. 2004 साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन आणि थॉमस मॅलूक यांच्या गटाने सोनं-प्लॅटिनमच्या काड्या अशाच पळवल्या होत्या ते वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळंच, मी दुपारचं जेवण विसरले.

काही मणी जोडीने चिकटलेले आले, ते गोल गोल फिरत बसतात, मोजमापात धरू नका. पेरॉक्साइड जास्त झालं की बुडबुडे येतात आणि त्या प्रवाहात सगळेच वाहतात, तो वेग मोटरचा नव्हे.

5 पैकी 4 स्टार, एक पत्रकासाठी कापला. घेणार असाल तर बिनपेरॉक्साइडची स्लाइड आधी बघाच, ग्लोव्हज घाला, आणि उरलेल्या मिश्रणाचं झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन तयार होतच राहतो.