पहिला रेल्वे लेआउट: गोल की फळी?

मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे घरात मांडायच्या छोट्या रेल्वेच्या, पहिल्या लेआउटचा नकाशा काढायला बसलेला माणूस बहुधा दोन वाटांपाशी अडतो. एक, आठ बाय चार फुटांचा अख्खा प्लायवूड आणायचा, त्यावर बंद गोल टाकायचा आणि गाडी फिरत ठेवायची. दुसरी, भिंतीलगत फूटभर रुंदीची फळी ठोकायची, तिच्यावर तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ) आणि नुसतं शंटिंग, म्हणजे इंजिनाने डबे मागेपुढे करून हवे तसे लावणं. मी दोन्ही बांधले आणि त्यातला पहिला मोडला. त्यामुळे हा आढावा फारसा तटस्थ असणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान हा प्रश्न, कारण त्याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं येतं. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. तोच नकाशा एनमध्ये काढला तर लांबी निम्म्याहून किंचित जास्त लागते, पण जागा एक तृतीयांशाहूनही कमी. हे वाचून ‘मग एनच घ्यावं’ असं वाटेल, पण थांबा.

गोलाचं गणित वळणावर ठरतं. प्लायवूडची रुंदी चार फूट, म्हणजे ४८ इंच. एचओमध्ये २२ इंच त्रिज्येचं वळण घेतलं की ४४ इंच तिथेच संपले, दोन्ही कडांना जेमतेम दोन-दोन इंच उरले. इंजिन घसरलं तर सरळ जमिनीवर, म्हणून कडेला पट्टी लावावीच लागते. आता डबे बघा. साडेसव्वीस मीटरचा प्रवासी डबा एचओमध्ये सुमारे ३० सेंमी भरतो. सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट त्रिज्या ठेवावी, असा एक ढोबळ हिशेब वापरतात. म्हणजे ९० सेंमी. तुमच्याकडे आहेत २२ इंच, म्हणजे ५६. गाडी वळेल, पण डब्यांचे कोपरे रुळाबाहेर असे लोंबतील की बघवणार नाही. अशा फळ्यावर एचओमध्ये आखूड डबे आणि चार आसांचं इंजिन, एवढंच शोभतं. एनमध्ये तोच डबा साडेसोळा सेंमीचा. त्रिज्या हवी ५० सेंमी, आणि ती चार फुटांत आरामात बसते. म्हणून माझं मत सरळ आहे: पूर्ण लांबीची प्रवासी गाडी फिरताना बघायची असेल तर गोल करा आणि एनमध्ये करा.

गोलाचा दुसरा खर्च कागदावर दिसत नाही, तो खोलीत दिसतो. माणसाचा हात फार तर अडीच फूट पोचतो. चार फुटांचा फळा भिंतीला चिकटवला की मागची कड हाताबाहेर गेली. मी नेमकं हेच केलं होतं, वर मागच्या कोपऱ्यात सांधाही (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) ठेवला होता. एका संध्याकाळी खडीचा एक कण सांध्याच्या सरकणाऱ्या पातीत आणि रुळात अडकला. मिलीमीटरभर फट राहिली, आणि इंजिनाच्या चाकाची कड दर फेरीला तीच फट बरोबर शोधू लागली. कण चिमट्याने काढायला स्टुलावर पोटावर आडवा झालो, तर कोपराने सिग्नलचा खांब मोडला. त्यानंतर फळा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला आणि खोलीत खुर्ची फिरवायला जागा उरली नाही. मोठ्या फळ्याच्या दोन्ही लांब बाजूंनी चालायला वाट लागते. चार फुटांचा लेआउट म्हणजे आठ फुटांची जागा, असंच धरा.

आणि पूल. नकाशा काढताना पहिला मोह त्याचाच होतो: एक रूळ दुसऱ्यावरून नेऊ. एचओमध्ये त्यासाठी साधारण ७५ मिमी चढावं लागतं. दोन टक्क्यांच्या चढाने तेवढी उंची गाठायला पावणेचार मीटर रूळ, उतरायला पुन्हा तेवढाच. कडेकडेने टाकलेल्या गोलाची सगळी लांबी सहा मीटरच्या आसपास. तीन टक्के चढ दिला तर पाच मीटरमध्ये जमेल, पण मग स्टेशनपुरता सपाट तुकडा शोधावा लागेल आणि वळणावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतील. पहिल्या लेआउटमध्ये पूल नको.

गाडी उलट फिरून त्याच रुळावर परत येईल असा फास काढायचा मोहही टाळा. दोन रुळांतून वीज जाते. फास टाकला की डावा रूळ फिरून उजव्याला जोडला जातो आणि शॉर्ट सर्किट होतं. त्यावर उपाय आहेत, फासाचा तुकडा दोन्ही टोकांना विजेपुरता वेगळा तोडून त्याला स्वतंत्र स्विच देता येतो, पण पहिल्याच महिन्यात ही कटकट कशाला?

फळीकडे या. ब्रिटिश मॉडेलकार अॅलन राइट यांचा ‘इंगलनूक साइडिंग्ज’ हा नकाशा मला सगळ्यांत हुशार वाटतो, कारण त्यात सांधे फक्त दोन आहेत. तीन साइडिंग: एका साइडिंगवर पाच वाघिणी (मालडबे) मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. समोर शंटिंग नेक, म्हणजे इंजिन मागेपुढे करायचा, टोकाला बंद असलेला रूळ, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमाने लांब साइडिंगवर लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. पहिल्या दिवशी मला एका डावाला अर्धा तास लागला. मध्येच बायकोने येऊन ‘गाडी कुठे जातेय?’ विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळी गंमत त्या नेकच्या लांबीत आहे. चार वाघिणी मावल्या तर कोडं पांचट होतं, अडीच मावल्या तर सुटत नाही. मी लहान इंजिन धरून नेक कापली आणि वर्षभराने हौसेने लांब इंजिन आणलं. तिसऱ्या वाघिणीचं मागचं चाक सांध्यावरच राहिलं, सांधा बदलता येईना. म्हणून पार्सलच्या जाड कागदावर खऱ्या मापाचा नकाशा काढा आणि त्यावर प्रत्यक्ष इंजिन-वाघिणी मांडून बघा. एचओमध्ये १५ सेंमीच्या वाघिणी धरल्या तर सगळं पावणेदोन मीटरच्या आत बसतं, एनमध्ये मीटरभरात. तरीही फळीसाठी मी एचओच घेईन. शंटिंग हाताने करायचं काम आहे, आणि एनचे कपलिंग (डबे जोडणारे हुक) सोडवताना माझ्या चष्म्याची परीक्षा होते.

फळीला एक गोष्ट मात्र माफ नसते: खराब वीजपुरवठा. गोलावर वेगात जाणारं इंजिन मेलेल्या जागेवरून जोरावरच पुढे निघून जातं. फळीवर ते मुंगीच्या चालीने येतं आणि सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या प्लास्टिकच्या फ्रॉगवर थबकतं. बोटाने ढकलावं लागलं की मजा संपली. इथे धातूचा, वीज मिळणारा फ्रॉग असलेलेच सांधे घ्या; दोनच तर लागतात. डीसीसीचा, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणाऱ्या डिजिटल नियंत्रणाचा, विचार मात्र पुढे ढकला, एका इंजिनाला साधा कंट्रोलर पुरतो. गोलावर दोन गाड्या एकाच वेळी पळवायच्या असतील तेव्हा ते घ्यावं.

घरात लहान मूल असेल तर वाद नको, गोल करा. मुलाला गाडी पळताना हवी असते, वाघिणी लावण्यात त्याला रस नसतो. एकट्याने रात्री जेवणानंतर अर्धा तास खेळायचं असेल तर फळी. मी गोलावर तिसऱ्या आठवड्यात गाडी चालू ठेवून पेपर वाचू लागलो होतो. फळीवर तसं करताच येत नाही.

अजून मन ठरत नसेल तर फळीच बांधा, फक्त नेकचा शेवटचा रूळ फळीच्या कडेपर्यंत नेऊन तिथे बफर (रुळाच्या टोकाचा अडथळा) स्क्रूने बसवा, चिकटवू नका. पुढे कधी गोल करावासा वाटला तर बफर काढून तिथूनच रूळ पुढे नेता येतो.