ताओशीच्वानचा बाजार: जिंगदेझेनमध्ये गायवान (झाकणाची चहाची वाटी) कुठे आणि कशी घ्यावी

चीनमधल्या जिंगदेझेनला चिनी मातीची भांडी घ्यायची तर घाऊक दुकानांत वेळ न घालवता ताओशीच्वानला जावं. 1958 साली सुरू झालेल्या एका पोर्सेलीन कारखान्याच्या विटांच्या इमारती आणि धुराडी जपून 2016 मध्ये हा परिसर खुला झाला. शनिवार-रविवारच्या आसपास तरुण कारागीर इथे स्वतःचा माल मांडतात.

या गावात एक वाटी 72 हातांतून जाते, असं 1637 च्या ग्रंथात नोंदलंय. माती मळणारा वेगळा, चाकावरचा वेगळा, रेघ ओढणारा वेगळा, रंग भरणारा आणखी वेगळा. ताओशीच्वानच्या बाजारातले बरेच जण मात्र सगळं एकट्यानं करतात, आणि त्यातच बाजाराची गोडी आणि उणीव दोन्ही आहे: नक्षी ताजी असते, घडण कधी कधी कच्ची. म्हणून वाटी कोणी घडवली, हे आधी विचारा.

निळ्या नक्षीची गायवान, म्हणजे बशी, वाटी आणि झाकण, दोघांच्या चहाला 100 ते 120 मिलीची पुरते. कोबाल्टचा रंग कच्च्या वाळलेल्या भांड्यावर लावतात, वर झिलई (काचेसारखा लेप) देतात आणि सुमारे 1300 अंश सेल्सिअसवर भाजतात. कोरडी माती पाणी लगेच शोषते, त्यामुळे हात थबकला की रंग साचतो. हाताच्या रेघेत ही दाट-फिकी चाल दिसतेच. छापाची रेघ सपाट असते, भिंगाखाली बहुधा ठिपके दिसतात आणि नक्षीत कुठेतरी जोड सापडतो.

झाकण वाटीवर पूर्ण फिरवून बघा. भाजताना माती बरीच आक्रसते. भिंतीची जाडी असमान असेल तर तोंड लांबट होतं आणि झाकण डगडगतं. कड बाहेर वळलेली हवी, नाहीतर ओतताना बोटं भाजतात. टिचकी मारल्यावर आवाज बद्द आला तर तडा समजा. लोहाचा एखादा काळा ठिपका मात्र खुशाल चालवून घ्या.

झिलईवरचे गुलाबी-हिरवे रंग 700 ते 800 अंशांवर पुन्हा भाजलेले असतात, बोटाला उंच लागतात आणि त्यांत शिसं असू शकतं. ते आतून किंवा ओठ टेकतो तिथे असतील तर भांडं शोभेलाच ठेवावं. हल्ली आवडणारी मॅट झिलईही चहाला नको, डाग धरते. बुडाच्या बिनझिलईच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत असेल तर घरी पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं घासा, टेबलावर ओरखडे येणार नाहीत.