कार्डावर निळा पोर्ट दिसला तर पैसे देऊ नका

७,५०० रुपये. त्यातले १,००० यूपीआयने, ६,५०० रोख. एवढ्याला मला कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडच्या बाहेर उभ्या उभ्या गंडवलं. वस्तू म्हणजे गेमसाठीचं जुनं ग्राफिक्स कार्ड. विकताना सांगितलं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. निघालं २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय, बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून वर नवं नाव चढवलेलं. हा धंदा जुना आहे, ढीगभर व्हिडिओ आहेत त्यावर, मीही पाहिले होते. "मग तरी कसा फसलास?" असं ज्याला विचारायचं असेल त्याने आधी पूर्ण वाचावं. गेले दोन महिने हाच प्रश्न ऐकून कान किटले आहेत.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग तपासायचं, ब्लो होल दिसला की रिजेक्ट, माप चुकलं की रिजेक्ट. डोळे झाकून वस्तू घेणारा माणूस मी नव्हे. ओव्हरटाइमचे ३३,००० साठवले होते आणि त्यात पहिला गेमिंग पीसी स्वतःच्या हाताने जोडायचा होता. ईएमआय नको, घरच्यांकडे हात पसरायला नको. कामावरच्या एकाने नंबर दिला, "पोरगा चांगला आहे, पार्टची लिस्ट काढून देतो, पैसे पण घेत नाही." इचलकरंजीचा म्हणून सांगितलं होतं. खरं-खोटं देव जाणे.

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. त्या माणसाने मला एकही पार्ट चुकीचा सांगितला नाही. मी १६ जीबीची एकच रॅम घेणार होतो. तो म्हणाला, "८-८ च्या दोन घे भावा, ड्युअल चॅनेल मिळतंय." बरोबर. मी ९०० रुपयांचा लोकल एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, लिहिला होता. त्यावर त्याने झापलंच मला, "स्टिकरवर ५०० लिहिलं म्हणून ५०० वॅट येत नाहीत, एक दिवस सगळं घेऊन जाईल." हेही बरोबर. बी४५० बोर्ड घेतोयस तर दुकानातूनच बायोस अपडेट करून घे, नाहीतर ५००० सिरीजचा प्रोसेसर उचलणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. वर "सगळं नवीन घे, जीएसटी बिल घे" हा सल्लाही त्याचाच. फसवणारा माणूस बिल घ्यायला सांगतो का? तुम्हीच सांगा.

मी राजारामपुरीतल्या एका दुकानातून सगळं नवं घेतलं. रायझन ५ ५५०० चे ८,१५०, बोर्ड ५,६००, रॅम ३,४००, ५०० जीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह २,९५०, ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस ३,०५०, कॅबिनेट २,३५०. झाले २५,५००. सगळ्याचं बिल आहे, सगळं आजही ठणठणीत चालतंय.

राहिलं कार्ड. माझ्या मूळ लिस्टमध्ये ५६००जी प्रोसेसर होता, म्हणजे ज्यात ग्राफिक्स आतच असतं. तो म्हणाला, "कार्ड घेणारच आहेस तर जी कशाला, ५५०० घे, पैसे वाचतील." हिशोब म्हणून हे चूक नाही. पण ५५०० मध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीही येत नाही. जोडलेला डबा कॉटवर पडून, पंखे फिरतायत, मॉनिटर काळा. शेजारची पोरं येऊन विचारतायत, आई विचारतेय, "एवढे पैसे घातलेस, चालू कधी होणार?" अशा वेळी माणूस घाई करतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग त्याने सांगितलं की त्याच्याकडेच एक १०५० टीआय आहे, स्वतः वापरलेलं, ८,००० ला. घासाघीस करून ७,५०० वर आणलं.

जुनं कार्ड म्हटलं की सगळ्यांना भीती असते मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला ते रात्रंदिवस राबवलेलं असण्याची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली, हे मला माहीत होतं. म्हणून मी तेच खोदून खोदून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "४ जीबीच्या कार्डावर इथेरियम २०२० नंतर चालतच नव्हतं, नेटवर बघ." बघितलं. हेही खरं निघालं. माझं सगळं लक्ष मायनिंगवर आणि पठ्ठ्या मायनिंगबद्दल खरंच बोलत होता! पाच गोष्टी खऱ्या सांगून सहावी खोटी गळ्यात मारायची. जो माणूस तुम्हाला फुकट शिकवतोय आणि शेवटी एकच वस्तू स्वतःकडची विकतोय, त्या एका वस्तूला हातही लावू नका.

स्टँडवरचा प्रसंग डोक्यातून जात नाही. संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस, वडापच्या गाड्यांचा कालवा. त्याने पिशवीतून बबल रॅपमधलं कार्ड काढलं. मी बाकी सगळं तपासलं, अगदी कामावर तपासतो तसं: पंखा हाताने फिरवला, कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्या बघितल्या, स्क्रू उघडल्याच्या खुणा बघितल्या. मग पट्टीकडची बाजू वळवली. एचडीएमआय, डीव्हीआय आणि मध्ये निळा व्हीजीए पोर्ट.

तो निळा पोर्ट मी बघितला. बोट ठेवून विचारलंसुद्धा, "हे काय?" तो डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "चायना व्हेरियंट हाय भावा, जुना मॉनिटर असंल तर उपयोगाला येतोय." माझा मॉनिटर जुनाच, त्याला व्हीजीएशिवाय दुसरं काही नाही. मी कन्व्हर्टर घ्यायच्या विचारात होतो, तो खर्च वाचला म्हणून उलट बरं वाटलं. हे कुणाच्याही बाबतीत झालं असतं.

तर लिहून ठेवा. ही कार्डं एनव्हिडिया कंपनीच्या चिपवर चालतात, आणि तिने १० सिरीजपासून चिपमधलं ॲनालॉग आउटपुटच, म्हणजे व्हीजीएला लागतं तेच, काढून टाकलं. १०५० टीआय असो, १०६० असो की १६५०, त्यावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर कार्ड परत त्याच्या हातात द्या आणि चालू लागा, काय कारण सांगतोय ते ऐकत बसू नका. सहा पिनचा पॉवर कनेक्टर दिसला म्हणजे बनावटच, असं मात्र धरू नका. १०५० टीआयला ७५ वॅट स्लॉटमधूनच मिळतात म्हणून बहुतेकांना तो नसतो, पण काही कंपन्यांच्या खऱ्या कार्डांनाही असतो.

रोख का दिले? कारण १,००० ॲडव्हान्स आदल्या दिवशी पाठवल्यावर तो स्टँडवर म्हणाला, "आजची लिमिट संपल्या, कॅश दे." समोर एटीएम होतं. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी तोंडी. सोबत पेनड्राइव्ह दिला, "ड्रायव्हर ह्यातलाच टाक, नेटवरचा टाकू नगंस, कार्ड बसतंय." हेही लक्षात ठेवा: खरं कार्ड कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर बिनतक्रार घेतं. बनावट कार्डावर तो इन्स्टॉलच होत नाही, म्हणून पेनड्राइव्ह.

घरी लावलं, डिस्प्ले आला, विंडोजमध्ये नाव १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. अर्धा तास मी खूश होतो. मग गेम लोड होता होता स्क्रीन काळी. दुसरा गेम, तेच. आता कारण कळलंय: नाव ४ जीबीचं लिहिलं तरी वर मेमरी १ जीबीच आहे, ती भरली की सगळं कोसळतं. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. २०१८ पासून ते असली कार्डं ओळखतं. नावाच्या आधी चौकटी कंसात सरळ 'फेक' लिहून आलं. शेडर, म्हणजे चिपमधली चित्र काढणारी युनिटं, १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ असतात. चिप बनवण्याचं तंत्रज्ञान ४० नॅनोमीटर, खऱ्याचं १४. त्याने मला जीपीयू-झेडचा फोटो पाठवलेला होता, सगळे आकडे बरोबर असलेला. दुसऱ्या कुणाच्या कार्डाचा असणार. फोटो मागू नका, व्हिडिओ मागा, आणि त्यात कार्ड, त्यावरचा सीरियल नंबर आणि स्क्रीन एका दमात, मध्ये न कापता दिसली पाहिजे.

राजारामपुरीतल्या त्या दुकानदाराने, ज्याचा यात एक रुपयाही फायदा नव्हता, कार्ड माझ्यासमोर उघडलं. हीटसिंकचे चार स्क्रू काढले, वाळून खपली झालेली पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली. चिपवर कोरलेलं होतं: जीएफ११६. खऱ्यावर जीपी१०७ असतं. बायोसमध्ये नाव बदलता येतं, चिपवरचं कोरलेलं तसं सहज पुसता येत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. आधी "बघतो", मग "तूच बिघडवलास", मग ब्लॉक.

आता पोलिसांचं. आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो तर, "व्यवहार कुठं झाला? स्टँडवर? मग हद्द आमची नाही." स्टँडकडच्या ठाण्यात गेलो तर, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." परत गेलो तर एका हवालदारांनी कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "वस्तू मिळाली की तुम्हाला. चालत नाही म्हणजे दिवाणी बाब आहे." मी चिपचा फोटो दाखवला, जीपीयू-झेडचा दाखवला, त्याचे मेसेज दाखवले. "बिल कुठाय?" जुन्या वस्तूचं बिल कोण देतं? ६,५०० रोखीचा पुरावा नाही, म्हणजे त्यांच्या लेखी फसवणूक १,००० रुपयांची, आणि १,००० रुपयांसाठी काय गुन्हा दाखल करायचा, असं तोंडावर बोलले. शेजारी बसलेल्याने विचारलं, "गेम खेळायला एवढे पैसे?" माझ्या घामाचे पैसे मी गेमवर घालीन नाहीतर पंचगंगेत टाकीन, चोराला पकडायचं सोडून मला का विचारताय?

सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे उत्तर मिळालं, "समोरासमोर भेटलात, हा सायबर गुन्हा नाही." म्हणजे ठाण्याला हा ऑनलाइनचा प्रकार वाटतो आणि सायबरला स्टँडवरचा. बँक म्हणते तुम्ही स्वतःच्या पिनने पाठवलेत. अर्ज दिला तर पोहोच द्यायला तयार नाहीत, शिक्का मारायला हात जड होतो. माझ्या सुट्ट्या गेल्या, पगार कापला गेला, आणि प्रत्येक टेबलावर तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची, प्रत्येकाच्या तोंडावर तेच हसू.

मग मी स्वतः कायदा वाचला. खोटं बोलून वस्तू गळ्यात मारून पैसे काढणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), पूर्वीचं ४२०. सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र गुन्हा. हद्दीचं कारण तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार चालतच नाही, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. घेतली नाही तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवता येते. हे मला कुणीही सांगितलं नाही. खुर्चीत बसलेल्यांचं काम होतं सांगायचं. मी रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवलाय, सोबत चिपचा फोटो, यूपीआयची पावती, सगळे मेसेज. पोचल्याची पावती आली आहे, अजून कुणाचा फोन नाही. सोडणार नाही.

तुमचे पैसे यूपीआयने गेले असतील तर ठाण्याच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, त्याच तासाला. रोख देऊच नका, आणि दिलेच तर देताना मेसेज लिहा, "एवढे रोख दिले", आणि त्याचं "मिळाले" असं उत्तर आल्याशिवाय स्टँड सोडू नका. पहिलाच पीसी असेल आणि कार्ड नंतर घेणार असाल तर ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, म्हणजे कार्ड नसतानाही मशीन चालू राहतं आणि कुणी तुमच्या घाईचा फायदा घेत नाही. भेटायचं तर दुकानात भेटा. समोर मशीनमध्ये लावून, जीपीयू-झेड बघून, वीस मिनिटं गेम चालवून मगच पैसे. विकणारा दुकानात यायला तयार नसेल तर तिथेच समजा.

मित्राच्या फोनवरून बघितलं, तो माणूस आता दुसऱ्या नावाने आरएक्स ५८० विकतोय, ८ जीबी, ७,००० ला. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २,३०४ शेडर असतात. २,०४८ दिसले तर ते २०४८ एसपी, म्हणजे शेडरच्या हिशोबाने आरएक्स ५७०. जाहिरातीत कार्डाचे पुढून, वरून फोटो आहेत, पोर्टच्या बाजूचा एकही नाही. कुणी त्याच्याशी बोलत असेल तर आधी तो फोटो मागा.