सांगलीहून पहिल्यांदाच: नेपाळ की भूतान?
चार दिवसच असतील आणि सोबत आई-बाबा, तर मी नेपाळ म्हणेन. काठमांडूत पाट्या देवनागरीत, त्यामुळे आई स्वतःच दुकानांची नावं वाचत फिरली. आपल्या देवघरातला शाळिग्राम येतो ती काली गंडकी तिथलीच. घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं, आणि आठवड्याची सुट्टी शनिवारी.

भूतानला माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क. खिशाला जड, पण शांतता अशी की मन भरतं. थिंफूत सिग्नल नाहीत, चौकात पोलीस हातानं वाहनं वळवतो.

मतदार ओळखपत्र दोन्हीकडे चालतं.

जेवणात मात्र भूतानच. एमा दात्शीत मिरची हीच भाजी, उभी चिरून चीजमध्ये शिजवलेली. खर्ड्यावर वाढलेल्या आईनं ती दोनदा मागून घेतली.