ओल्या ऊतींवर चिकटणारं हायड्रोजेल: कॅटेकॉल घ्यायचं की एनएचएस एस्टर?

एम.टेक.चा किंवा पीएच.डी.चा विषय ‘ऊतींना चिकटणारं हायड्रोजेल’ (म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं) असा ठरला, की संदर्भ वाचताना दोन वाटा वारंवार समोर येतात. एक शिंपल्यांकडून उचललेल्या कॅटेकॉल या रासायनिक गटाची, दुसरी ऊतीतल्या प्रथिनांशी थेट बंध करणाऱ्या एनएचएस एस्टर या क्रियाशील गटाची. नवखी मंडळी बहुधा पहिली धरतात, कारण तिची गोष्ट ऐकायला छान आहे. माझा कल दुसरीकडे आहे, पण सरसकट नाही.

गोव्या-मालवणच्या खडकांवर शिणाणे लाटांचा मार खाऊनही जागचे हलत नाहीत. अशा शिंपल्यांच्या चिकट प्रथिनांत डोपा नावाचं, कॅटेकॉल गट असलेलं अमिनो आम्ल असतं, हे हर्बर्ट वेट यांनी १९८१ साली निळ्या शिंपल्यात दाखवलं. त्याच्या एका प्रथिनात तर डोपाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जातं. पुढे २००७ मध्ये फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने पीएच ८.५ च्या डोपामाइनच्या (यातही कॅटेकॉल गट असतो) द्रावणात वस्तू नुसती बुडवून ठेवली तरी तिच्यावर थर बसतो हे दाखवलं, आणि कॅटेकॉलवरच्या शोधनिबंधांचा पूर आला.

सोय म्हणाल तर खरंच आहे. अल्जिनेट, हायल्युरोनिक आम्ल, जिलेटिन, यांपैकी काहीही घ्या, ईडीसी हे जोडणारं रसायन वापरून डोपामाइन जोडा, डायलिसिस करा, फ्रीझ-ड्राय करा. किती जोडलं गेलं ते २८० नॅनोमीटरला यूव्हीवर मोजता येतं. साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं काम आहे.

खोच पुढे आहे. कॅटेकॉल जसंच्या तसं राहिलं तर हायड्रोजन बंधांनी आणि धातूच्या आयनांशी जुळवून घेऊन चिकटतं. त्याचं ऑक्सिडेशन होऊन क्विनोन झालं, की ते ऊतीतल्या अमाइन (नायट्रोजनवाल्या) आणि थायॉल (गंधकवाल्या) गटांशी पक्का बंध करतं, पण आपसातही जोडलं जातं. क्विनोन लवकर तयार झालं तर सगळा चिकटपणा जेलच्या आतच खर्ची पडतो. नायट्रोजनखाली पीएच ५ ला पाण्यासारखं स्वच्छ असलेलं द्रावण उघड्या बीकरमध्ये न्यूट्रल केलं, तर आधी गुलाबी आणि मग चहासारखं तपकिरी होतं. तो रंग म्हणजे तुमचा गोंद वापरून संपत चालल्याची खूण. शिंपला हे टाळायला आम्लता राखतो आणि थायॉलवालं वेगळं प्रथिन सोबत सोडतो. आपल्याला ते वेळापत्रक पाळणं अवघड जातं, म्हणून एका बॅचचे आकडे दुसऱ्या बॅचला जुळत नाहीत.

एनएचएस एस्टरचं काम सरळ आहे. ऊतीतल्या लायसिनच्या अमाइनशी तो थेट अमाइड बंध करतो. एमआयटीच्या शुआनहे झाओ यांच्या गटाने २०१९ मध्ये याचीच कोरडी दुहेरी चिकटपट्टी केली: एनएचएस एस्टर जोडलेलं पॉलीअ‍ॅक्रिलिक आम्ल आणि सोबत जिलेटिन किंवा कायटोसॅन. पट्टी आधी ऊतीवरचं पाणी शोषून घेते, मग हायड्रोजन बंधांनी धरते आणि मागोमाग कोव्हॅलंट बंध होतात. पाचेक सेकंद दाबलं की पुरे. ओल्या ऊतीवर चिकटवायचं तर आधी मधलं पाणी हटवावं लागतं, ही गोष्ट इतकी स्वच्छ इतर कुणी मांडलेली माझ्या वाचनात नाही.

पण हा एस्टर पाण्याचाही तितकाच शौकीन, पाण्याशी क्रिया झाली की तो तुटतो. पीएच ७ आणि शून्य अंशाला त्याचं अर्धायुष्य ४ ते ५ तास, पीएच ८.६ ला चार अंशावर जेमतेम १० मिनिटं. म्हणजे ओलं जेल करून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात वापरलं, असं इथे चालत नाही. मुंबईत जुलै महिन्यात पट्ट्या बाकावर उघड्या ठेवू नका. सिलिका जेलसह सीलबंद करा आणि दर चाचणीला ताजं पाकीट फोडा. दुसरी अडचण फुगण्याची. नस किंवा मज्जारज्जूच्या जवळ फुगणारा पदार्थ घातक ठरतो. मेंदूच्या आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्युरासील या पीईजी (पॉलीएथिलीन ग्लायकॉल) सीलंटच्या सूचनापत्रातही फुगण्याचा इशारा आहे.

रसायन कुठलंही निवडा, जेल ठिसूळ असेल तर फुकट. चिवटपणासाठी पृष्ठभागावर बंध हवेत आणि ओढ बसली की ऊर्जा जिरवणारं जाळंही हवं. डेव्हिड मूनी यांच्या गटाने २०१७ मध्ये अल्जिनेट-पॉलीअ‍ॅक्रिलामाइडच्या चिवट जेलला कायटोसॅनसारख्या अमाइनवाल्या पॉलिमरचा पूल जोडला आणि डुकराच्या त्वचेवर आसंजन ऊर्जा (चिकटलेलं सोलायला लागणारी ऊर्जा) चौरस मीटरला १००० ज्यूलच्या पुढे नेली. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा फायब्रिन गोंद १० च्या आसपास घुटमळतो, त्यामुळे फक्त फायब्रिनला हरवून खूश होऊ नका. तुलनेला सायनोअ‍ॅक्रिलेटही (सुपरग्लूच्या जातीचा गोंद) ठेवा. त्याचा ऑक्टिल प्रकार १९९८ पासून अमेरिकेत त्वचेसाठी मंजूर आहे. सोलून निघालेली पट्टी दर वेळी उलटी करून पाहा: ऊतीवर जेलचा थर राहिला असेल तर जेल फाटलंय, ऊती स्वच्छ असेल तर बंधच कमी पडलेत. पहिल्या वेळी जाळं बदला, दुसऱ्या वेळी रसायन.

वर्षभराचा एम.टेक. प्रकल्प असेल आणि जागा तोंडाची आतली त्वचा किंवा एखाद्या उपकरणाचं कोटिंग असेल, तर कॅटेकॉल घ्या. घाई नसलेल्या ठिकाणी ते शोभतं. हलतं फुप्फुस, धडधडतं हृदय, आणि हातात काही सेकंदच असतील तर एनएचएस. चार वर्षं हाताशी असतील तर मी चिवट जाळ्यावर एनएचएस जोडण्यातच ती घालवेन.

चाचण्यांसाठी एएसटीएम या मानक संस्थेची एफ२२५६ची टी-पील (सोलण्याची) आणि एफ२३९२ची बर्स्ट (दाबाने फुटण्याची) चाचणी धरा. किती जोराने आणि किती वेळ दाबलं ते लिहा. खाटकाकडून आणलेली कातडी फ्रिजमध्ये सुकली की आकडे खोटे चांगले येतात, म्हणून ती सलाइनच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बर्स्ट चाचणी लगेच एकदा करा आणि ३७ अंशाच्या सलाइनमध्ये २४ तास ठेवून पुन्हा एकदा. बऱ्याच सुंदर आलेखांची खरी परीक्षा या दुसऱ्या वेळी होते.